झोन कमी म्हणजे गेम छोटा?

प्रश्न : वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या २००७ च्या बर्निंग क्रुसेड या एक्सपान्शनमध्ये (गेमला जोडून विकलेल्या नवीन भागात) लेव्हलिंगचे सात नवे झोन, म्हणजे नकाशावरचे वेगवेगळे प्रदेश, होते, आता नवीन एक्सपान्शनमध्ये चारच देतात. पैसे तेवढेच घेतात, मग ही फसवणूक नाही का?

उत्तर : फसवणूक नाही म्हणणार मी, पण तुमची तक्रार अगदीच चुकीची पण नाही. आधी हे बघा की शॅडोलँड्स (२०२०) आणि ड्रॅगनफ्लाइट (२०२२) या दोन्ही एक्सपान्शनमध्ये सुरुवातीला लेव्हलिंगचे (कॅरेक्टरची पातळी वाढवायचे) मुख्य झोन चारच, तरी खेळताना जमीन-अस्मानाचा फरक, कारण शॅडोलँड्समध्ये झोन एकमेकांना जोडलेलेच नव्हते, इकडून तिकडे जायचं तर ओरिबॉस या मधल्या शहरामार्गे, आणि पहिल्या कॅरेक्टरला ठरलेल्या क्रमानेच स्टोरी करावी लागायची. ड्रॅगनफ्लाइटमध्ये चारही एकसलग, ड्रॅगनवर बसून डोंगरावरून खाली सूर मारला की वेग मिळतो तो घेऊन थेट पुढच्या झोनमध्ये, मध्ये लोडिंग स्क्रीन नाही की काही नाही. मोजायचंच असेल तर हे मोजा ना!

वॉर विदिन या एक्सपान्शनचा (२०२४) हॅलोफॉल घ्या. जमिनीखालचा झोन, छतात बेलेडार नावाचा प्रचंड स्फटिक, तो मध्येच उजेड सोडून जांभळा होतो आणि सगळा परिसरच बदलतो, मी तर क्वेस्ट सोडून वर बघत बसते. असा एक झोन असला की दोन साधे नसले तरी चालतं.

पण वारंवार नवीन कॅरेक्टर बनवणाऱ्यांना आकडा जाणवतोच, दर वेळी तेच झोन पुन्हा करावे लागतात. जुन्या एक्सपान्शनमधल्या नॉर्थरेंड खंडात सुरुवातीलाच बोरियन टुंड्रा की हाऊलिंग फ्योर्ड असा दोन झोनमधला चॉइस होता, तो मला अजूनही हवाय.