हार्मोनियमचा क्लास सुरू करताय? आधी फीचं ठरवा

अभिनंदन ताई! पहिली चूक सगळे करतात तीच, मीपण केलेली, शेजारच्या क्लासपेक्षा शंभर रुपये कमी लावले. अहो, स्वस्त बघून आलेला अजून स्वस्त मिळालं की जातो.

- फी महिन्याची घ्या, ५ तारखेच्या आत. तासावर घेतलीत तर गणपती, शाळेच्या परीक्षा, गावाकडची लग्नं, तास बुडतच राहतात... मे महिन्यात हातात काही उरत नाही.
- बुडलेल्या तासाचा नियम पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून द्या, नंतर तोंडी सांगताना जीभ अडखळते.
- पालकांना अलंकार-पलटे (सुरांचे सरावाचे प्रकार) कळत नाहीत, "गाणं कधी वाजवेल?" एवढंच विचारतात, म्हणून दर ३ महिन्यांनी मुलाचे आधीचा आणि आत्ताचा असे दोन व्हिडिओ पाठवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकला (त्यांची पहिली परीक्षा) बसवणार असाल तर तेही सांगा.

विशारदची (वरची परीक्षा) तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची फी, ऑनलाइन बॅच वगैरे नंतर बघू.