रशियन सरदार घराण्यातला, सैन्यातून गव्हर्नर झालेला कोणी चांगला माणूस होता का?

होता ना, मिखाईल वोरोन्त्सोव. वडील लंडनला रशियाचे राजदूत, त्यामुळे लहानपण तिकडेच गेलं. 1812 ला नेपोलियनविरुद्धच्या बोरोदिनोच्या लढाईत जखमी होऊन मॉस्कोत आला तर घरासमोर गाड्यांमधे घरातलं किमती सामान भरणं चाललेलं, त्याने ते सगळं उतरवायला लावलं आणि त्याच गाड्यांत जखमी सैनिक घालून आपल्या गावच्या वाड्यावर नेले, खर्च स्वतःचा. मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं! पुढे नेपोलियन हरल्यावर फ्रान्समधे राहिलेलं रशियन सैन्य परत निघालं तेव्हा आपल्या लोकांची तिथली उधारीपण यानेच फेडली. 1823 पासून काळ्या समुद्रावरच्या ओडेसाला गव्हर्नर जनरल, बंदर भरभराटीला आणलं, नंतर कॉकेशसला गेला. 1856 ला ओडेसातच वारला, पुढे तिथे त्याचा पुतळापण उभारला.