गलीनाचा पूर: पाऊस नाही, मग पाणी आलं कुठून?

तुमचे तीन प्रश्न आहेत. अलास्कात युकॉन नदीकाठच्या गलीनात मे २०१३ च्या अखेरीस पावसाशिवाय पूर कसा आला? बर्फ बॉम्ब टाकून का फोडला नाही? आणि भाची तिथे शिक्षिका म्हणून जाते आहे, तिने घराची काय तयारी ठेवावी?

सांगली-कोल्हापूरकडच्यांना 'फुगवटा', म्हणजे पुढे अडल्यामुळे मागे चढणारं पाणी, समजवावा लागत नाही. इथेही फुगवटाच होता, फक्त बांध बर्फाचा. गलीनाच्या खाली सुमारे ३० किमीवर बिशप रॉक नावाचा कडा आहे. तिथे नदी एकदम वळते. वरून वाहत आलेले बर्फाचे तुकडे त्या वळणावर अडकले, मागून येणारे त्यांच्याखाली आणि त्यांच्यावर रचत गेले, आणि पाणी मागे गावापर्यंत चढलं. म्हणून गावासमोरची नदी बघून धोका कळत नाही. तुंबा, म्हणजे अडकलेल्या बर्फाचा ढीग, कुठे बसला आणि त्याचा पायथा, म्हणजे खालचं टोक, किती घट्ट आहे, यावर सगळं ठरतं.

पाणी एवढं का चढतं, याचं गणित सोपं आहे. उघड्या नदीत पाणी फक्त तळाशी घासतं. वर बर्फ आला की वरूनही घासतं. बर्फ सपाट असेल तर तेवढाच प्रवाह जायला सुमारे १.३ पट खोली लागते. तुंब्याची खालची बाजू मात्र दगडांच्या ढिगासारखी खडबडीत असते. त्यामुळे एकूण खडबडीतपणा दुप्पट झाला तर खोली जवळपास दुप्पट होते. ६ मीटरचं पाणी १२ मीटरवर जातं, शिवाय बुडलेल्या बर्फाची जाडी वेगळी. नदीत एक थेंब जास्त आलेला नसतो.

दरवर्षी असं होत नाही. ऊन हळूहळू वाढलं तर बर्फ आतून कुजतो, उभ्या कांड्यांसारखा सुटा होतो, काळपट दिसतो आणि फारसा त्रास न देता निघून जातो. उन्हाळा उशिरा आला, बर्फ पांढरा आणि टणक राहिला, आणि मग अचानक उष्मा येऊन वरचं हिमपाणी एकदम सुटलं, की धोका. २०१३ चा वसंत असाच उशिरा आणि थंड होता.

आता बॉम्ब. २००१ मध्ये रशियाने लेना नदीवर लेन्स्कजवळ सुखोई विमानांतून बॉम्ब टाकले होते, तरी शहर बुडालंच. कारण साधं आहे: फोडलेला बर्फ जायला खाली मोकळं पाणी लागतं. पुढे अखंड बर्फ असेल तर तेच तुकडे शंभर-दोनशे मीटरवर पुन्हा अडकतात. त्यात तुंबा कित्येक किलोमीटर लांब असू शकतो. मधेच भोक पाडून उपयोग नसतो, सुरुवात पायथ्यापासूनच करावी लागते. आणि सुटलाच, तर लाट खालच्या कोयुकुक, नुलाटो या गावांकडे जाते. बर्फावर काळी वाळू टाकून तो लवकर वितळवण्याचा उपाय बरा. पण तो फुटण्याच्या काही आठवडे आधी करावा लागतो, आणि वर ताजा हिमवर्षाव झाला की मेहनत पाण्यात!

तयारीत माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे घर तापवायच्या तेलाची टाकी. १००० लिटरची रिकामी टाकी बुडाली तर पाणी तिला सुमारे १००० किलोने वर उचलतं. भरलेलीसुद्धा, तेल पाण्याहून हलकं असल्यामुळे, पावणेदोनशे किलोच्या आसपास उचलली जाते (दोन्हींतून टाकीच्या लोखंडाचं वजन वजा करा). म्हणून नुसती भरून ठेवणं पुरत नाही. पट्ट्यांनी जमिनीत घट्ट रोवलेल्या अँकरना बांधा, टाकीजवळचा व्हॉल्व्ह निघताना बंद करा आणि हवेची नळी पूरपातळीच्या वर न्या. टाकी उलटली की तेल पाण्यावर पसरतं आणि घरातलं सगळं नासवतं. तेल प्यायलेलं इन्सुलेशन (थंडी अडवायला भिंतींत आणि फरशीखाली भरलेला थर) धुऊन परत वापरता येत नाही.

होडी आणि स्नोमोबाइल काठावर ठेवू नका. पाण्यापेक्षा बर्फाची धडक जास्त मोडतोड करते. २००९ मध्ये युकॉनकाठच्याच ईगल गावात बर्फाच्या लाद्यांनी घरं पायावरून ढकलली होती. वीज मेन स्विचवरून आधीच बंद करा. पायाखाली पाणी आल्यावर त्या स्विचला हात लावू नका.

गलीनाला बाहेरून रस्ता नाही. सुटका विमानाने, आणि धावपट्टीभोवतीचा मातीचा बांध २०१३ मध्ये टिकला म्हणून ती शक्य झाली. भाचीने हवामान खात्याच्या रिव्हर वॉचच्या सूचना रोज ऐकाव्यात; त्यांची छोटी विमानं बर्फ फुटण्याच्या आघाडीबरोबर नदीवरून उडत येतात. पाणी तासाभरात मीटरने चढू शकतं, त्यामुळे औषधं, कागदपत्रं आणि गरम कपडे यांची पिशवी मेच्या सुरुवातीलाच दाराशी असावी.

पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी क्लोरिन टाकून तपासून होईपर्यंत पिऊ नये. फरशीखालचं भिजलं इन्सुलेशन लगेच काढून टाकावं, आणि लाकडातली ओल मीटरवर १५ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय फरशी बंद करू नये. हे सगळं सप्टेंबरच्या आत, कारण त्यानंतर तिथे काही वाळत नाही.