ठाण्यात राहून सेकंडहँड डिझेल लक्झरी गाडी घ्यावी का?

तुमचं घर पातलीपाड्याला, ऑफिस ऐरोलीला आणि महिन्यातून दोनदा साताऱ्याला आईवडिलांकडे फेरी. चार-पाच वर्षं वापरलेली मर्सिडीज ई२२०डी बघताय आणि विचारताय की ही घ्यावी की पेट्रोलच बरी.

घ्या. पण साताऱ्याच्या फेऱ्या चालू राहणार असतील तरच. फक्त पातलीपाडा ते ऐरोली एवढाच वापर असेल तर पेट्रोल घ्या, आणि "डिझेल परवडतं" हे डोक्यातून काढून टाका. या वर्गातल्या गाडीचा एखादा इंजेक्टर किंवा सेन्सर बदलायची वेळ आली की इंधनात वाचवलेले पैसे एका फटक्यात जातात.

मी नेरूळला राहतो आणि बीएस६ (म्हणजे प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) बीएमडब्ल्यू ३२०डी चालवतो. सासुरवाडी नाशिकची, त्यामुळे हायवे भरपूर होतो. म्हणूनच डिझेल घेतली आणि आजही तीच घेईन.

खरा प्रश्न डीपीएफचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर डिझेल गाड्यांना अटळ झाला. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी फिल्टरच्या आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते गाठायला कॉम्प्युटर थोडं जादा डिझेल सोडतो आणि काम पुरं होईपर्यंत गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळत राहावी लागते. घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत रांगताना हे कसं होणार? काम अर्धवट असताना तुम्ही बिल्डिंगखाली गाडी बंद करता, आणि पुढच्या वेळी ती पुन्हा प्रयत्न करते. असं वारंवार झालं की जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी चक्क वाढते, ऑइल पातळ होतं, आणि त्याच ऑइलवर टर्बोचं बेअरिंग फिरत असतं.

त्यामुळे "फक्त पंचवीस हजार किलोमीटर, मॅडम ड्रिव्हन" अशी जाहिरात दिसली तर मी आधी सावध होतो. पुणे-नाशिक करून नव्वद हजार झालेली, सर्व्हिस वेळच्या वेळी केलेली डिझेल मला त्यापेक्षा विश्वासाची वाटते.

फिल्टर साफ होतोय हे ओळखायला शिका. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर राहतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो. अशी लक्षणं दिसली तर शक्य असेल तेव्हा घरी न वळता ठाणे-बेलापूर रोडने पुढे पनवेलकडे निघा आणि गाडीला सलग पळू द्या. गिअर एक खाली ठेवला तर जास्त चांगलं. पाम बीच रोड दिसायला मोकळा आहे, पण सिग्नलमुळे तिथे ही लय टिकत नाही.

आणि हायवेवर ही गाडी काय आहे ते कळेलच तुम्हाला! ४०० न्यूटन मीटर टॉर्क, तोही सोळाशे आरपीएमपासून. खंडाळ्याचा घाट किंवा खंबाटकी, भरलेल्या गाडीत एसी चालू ठेवून चढताना इंजिन ओरडत नाही. एक्स्प्रेसवेला शंभरवर ती शांतपणे चालत राहते आणि आईवडिलांना मागच्या सीटवर झोप लागते. या सुखासाठी डिझेल घ्यावी, असं मी मनापासून सांगतो.

ॲडब्लूकडे, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाकडे, लक्ष असू द्या. ते संपत आलं की गाडी किती किलोमीटर उरले ते दाखवते. टाकी पूर्ण रिकामी झाली तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. ट्रकवाल्यांसाठी हेच द्रावण पंपावर डीईएफ म्हणून बादलीत मिळतं. भरताना स्वतः उभे राहा, कारण ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर खर्चाला अंत नाही.

दिल्ली-हरियाणाच्या नंबरची स्वस्त गाडी कोणी दाखवली तर थांबा. एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागात, डिझेलला दहा वर्षांची मर्यादा घालणारा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश सुप्रीम कोर्टाने २०१८ साली कायम ठेवला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे उतरत्या भावात येऊ लागल्या. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच-०४ पासिंगचा खर्च धरला की तो भाव तितका स्वस्त राहत नाही.

सौदा करण्याआधी स्वतःच्या माणसाकडून स्कॅन करून घ्या: काजळी किती साठलीय, शेवटची सफाई किती किलोमीटरपूर्वी पूर्ण झाली, हे त्यात दिसतं. डीपीएफ आतून पोकळ करून सॉफ्टवेअरने दिवा विझवलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच पोरांच्या शाळेच्या बसमागे सुटणार आहे.

घेतलीत तर इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन घ्याच. जोराच्या पावसात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं. तिथून न जाता मुलुंड-ऐरोली पुलाने जा. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टो करून न्या.