तळतळाट लागलेलं घर: ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’

तुम्ही विचारलंय: ‘श्रीमंत घराण्याने पूर्वी केलेलं पाप पुढच्या पिढ्यांना भोवतं, अशी एखादी गॉथिक भयकादंबरी सुचवा. नुसती दचकवणारी नको, वाचून झाल्यावरही डोक्यात राहणारी हवी.’

मी एकच पुस्तक सुचवेन. नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’, १८५१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली. गेबल म्हणजे उतरत्या छपराच्या टोकाला येणारी त्रिकोणी भिंत. अशी सात टोकं असलेलं एक जुनं लाकडी घर आणि त्यात राहणारं पिन्चन घराणं, एवढाच पसारा.

मॅथ्यू मॉल नावाच्या साध्या माणसाने रान तोडून जमिनीचा एक तुकडा वहिवाटीला आणलेला असतो. तिथे गोड्या पाण्याचा झरा असतो. पुढे गाव वाढतं, जागेला भाव येतो आणि गावातल्या बड्या असामीची, कर्नल पिन्चनची, तिच्यावर नजर पडते. मॉल जागा सोडत नाही. मग चेटकाच्या खटल्यांचं वर्ष उजाडतं, मॉलवर चेटूक केल्याचा आळ येतो आणि त्याला फासावर चढवा म्हणणाऱ्यांत कर्नलचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. गळ्यात दोर असताना मॉल घोड्यावर बसून पाहणाऱ्या कर्नलकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, देव याला रक्त प्यायला लावेल.

कर्नल त्याच जागेवर घर बांधतो. मुख्य सुतार म्हणून कोणाला नेमतो? फाशी गेलेल्या मॉलच्या मुलाला. झऱ्याचं पाणी मचूळ होतं. घरभरणीच्या दिवशी सगळ्या गावाला आमंत्रण असतं, स्वयंपाकाचा वास रस्त्यापर्यंत येत असतो, पण यजमान खोलीतून बाहेरच येत नाही. शेवटी दार उघडतात. कर्नल स्वतःच्याच तसबिरीखाली खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या अंगाखांद्यावर खेळायची हिंमत असलेला एकटा जीव म्हणजे त्याचा लहानगा नातू. तो धावत जातो आणि अर्ध्या वाटेत थबकून किंचाळतो. कर्नलच्या दाढीला रक्त लागलेलं असतं.

हे सगळं पहिल्याच प्रकरणात उरकतं. उरलेली वीस प्रकरणं सुमारे दीडशे वर्षांनंतरची आहेत.

माझी आजी म्हणायची, कुणाचा तळतळाट घेऊ नये. लहानपणी मला तळतळाट आणि शाप एकच वाटायचे. ही कादंबरी वाचताना फरक नीट कळला. शाप द्यायला तपश्चर्या लागते, अधिकार लागतो. तळतळाटाला काहीच लागत नाही. नाडला गेलेला कुणीही माणूस पुरतो. मॉलकडे कसली सिद्धी असल्याचं हॉथॉर्न ठामपणे कुठेच म्हणत नाही. उलट तो एक साधं कारणही पुढे ठेवतो: पिन्चन पुरुषांना असा अचानक झटका येऊन मरण्याची आनुवंशिक खोडच असावी. म्हणजे भूत नसलं तरी गोष्ट उभी राहते. आजार रक्तातून उतरतो, जमिनीची हाव रक्तातून उतरते आणि घराचं दार तर प्रत्येक पिढी आपल्याच हाताने उघडते. मला भीती वाटली ती याची. आमच्या गावच्या घरातही जमिनीच्या एका तुकड्याचा विषय जेवताना काढायचा नाही असा अलिखित नियम होता. त्यामुळे ती जास्तच वाटली असेल.

आता लेखकाविषयी, कारण हा भाग कादंबरीइतकाच अंगावर येतो. हॉथॉर्नचा जन्म १८०४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम गावचा. १६९२ साली याच सेलममध्ये चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं, आणि गुन्हा कबूल की नाकबूल हे कोर्टात सांगायलाच नकार देणाऱ्या एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. आरोपींची उलटतपासणी घेणाऱ्या न्यायाधीशांपैकी जॉन हाथॉर्न हे लेखकाचे खापरपणजोबा. सॅम्युएल सिवॉल नावाच्या दुसऱ्या न्यायाधीशाने १६९७ साली चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक कबूल केली. जॉन हाथॉर्नने जाहीरपणे असं कधी केलं नाही. पुढे नॅथॅनिएलने आडनावात एक अक्षर वाढवलं आणि हाथॉर्नचं हॉथॉर्न झालं. १८४९ मध्ये सेलमच्या जकात कचेरीतली त्याची नोकरी गेली, तो गाव सोडून लेनॉक्सला राहायला गेला आणि तिथे बसून त्याने ही कादंबरी लिहिली. घराण्याच्या पापावर लिहिणारा हा माणूस कुणा परक्याच्या घराण्यावर लिहीत नव्हता.

मी काही वर्षं बॉस्टनजवळ राहत होते. तिथून सेलमला लोकलने अर्धा-पाऊण तास लागतो. कादंबरीला ज्यावरून नाव मिळालं ते घर अजून समुद्राकाठी उभं आहे. १६६८ साली जॉन टर्नर नावाच्या व्यापाऱ्याने ते बांधलं. हॉथॉर्नची एक नातलग, सुझॅना इंगरसॉल, तिथे राहायची, पण त्याच्या काळापर्यंत बरीच टोकं उतरवून तीनच उरली होती. १९०८ साली कॅरोलाइन एमर्टन या बाईंनी घर विकत घेतलं, टोकं पुन्हा चढवली, १९१० मध्ये ते लोकांना पाहायला खुलं केलं आणि कादंबरीत आहे म्हणून एक छोटं दुकानही त्यात बसवलं. म्हणजे आधी घरावरून पुस्तक झालं आणि मग पुस्तकावरून घर. आत धुराड्यालगत एक अरुंद गुप्त जिना आहे. खांदे आक्रसून वर चढावं लागतं.

पण मला जास्त आठवते ती गावातली दुसरी जागा. जुन्या दफनभूमीला लागून १६९२ च्या बळींचं स्मारक आहे: दगडी भिंतीतून पुढे आलेली २० बाकं, प्रत्येकावर एक नाव. भिंतीपलीकडे दफनभूमीत न्यायाधीश हाथॉर्नची कबर. तिथे एका बाकावर सारा गुड हे नाव आहे. ही दारोदार भीक मागणारी बाई. तिचं तान्हं मूल तुरुंगात दगावलं, चार-पाच वर्षांच्या मुलीलाही साखळदंडात ठेवलं होतं. फाशीच्या वेळी पाद्री निकोलस नॉइस तिला कबुलीसाठी टोचत होता तेव्हा ती म्हणाली, तू माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावेल. कादंबरीतला तळतळाट मुळात हिचा. हॉथॉर्नने तो घेतला आणि जमीन असलेल्या एका पुरुषाच्या तोंडी घातला. मला हे खटकतं. जिच्याकडून हिरावून घ्यायला जमिनीचा तुकडाही नव्हता तिचं वाक्य जमिनीच्या भांडणात वापरलं गेलं. कादंबरी आवडते म्हणून हे सांगायचं टाळणार नाही.

तर दीडशे वर्षांनंतर त्या घरात कोण उरलंय? हेप्झिबा पिन्चन, म्हातारी, अविवाहित. कमी दिसतं म्हणून डोळे बारीक करते, आणि लोकांना वाटतं ती सदा कपाळाला आठ्या घालून असते. घरात दमडी नाही म्हणून तिच्यावर किरकोळ दुकान उघडायची पाळी येते. खानदानी बाईने पैसे कमवायचे म्हणजे तिच्या दृष्टीने बुडालेपणच. शाळेला निघालेलं एक पोर खिडकीतला आल्याच्या केकचा बाहुला मागतं, आणि तिला पैसे घेववत नाहीत. ती तसाच देऊन टाकते. पोर तो रस्त्यातच संपवून परत येतं आणि दुसरा मागतं. आता मात्र ती नाणं घेते. तांब्याचा तो डाग तळहातावरून कधी जाणार नाही असं तिला वाटतं, आणि थोड्याच वेळात आपण आपल्या हाताने काही कमावलं याची तरतरीही येते. भयकादंबरीतल्या सगळ्यात सुंदर पानांत मी ही पानं धरते. वैभव गेलेल्या घरातलं ताठ मानेचं दारिद्र्य ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हेप्झिबा ओळखीची वाटेल.

तिचा भाऊ क्लिफर्ड तीस वर्षं तुरुंगात काढून आलेला असतो, चुलत्याच्या खुनाच्या आरोपावरून. त्या रात्री खरं काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगते की तो म्हातारा चुलता, मॉलच्या वंशजांना जागा परत करावी का, असा विचार करू लागलेला एकटा पिन्चन होता.

मधे ॲलिस पिन्चनची कथा येते. तिचा बाप जमिनीच्या हरवलेल्या कागदासाठी मुलीला संमोहित करू देतो. छोटी आहे, क्रूर आहे, इथे जास्त बोलत नाही.

आणि मग अठरावं प्रकरण. घराण्याचा आजचा कर्ता पुरुष, न्यायाधीश जॅफ्री पिन्चन, गोड हसणारा, देणग्या देणारा, लवकरच गव्हर्नर होऊ घातलेला, त्याच खोलीत त्याच खुर्चीत बसलाय. हातात घड्याळ आहे. लेखक त्याच्याशी बोलत राहतो: उठा, बँकेत बैठक आहे. घोडा घ्यायचाय. बायकोच्या थडग्याचा दगड दुरुस्त करायचाय. पक्षाची मंडळी जेवणाला खोळंबलीत. न्यायाधीश हलत नाही. अंधार पडतो. किल्ली द्यायची राहून गेल्यामुळे घड्याळही थांबतं. सकाळी एक माशी त्याच्या कपाळावर बसते, हनुवटीवर येते आणि उघड्या डोळ्याकडे चालू लागते. तो मेलाय असं लेखक सरळ म्हणतच नाही. हे प्रकरण मी रात्री एकटी असताना वाचलं आणि मग बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

भाषेबद्दल: वाक्यं लांबलचक आहेत, मधली काही प्रकरणं, विशेषतः बागेतली, संथ आहेत. कंटाळा आला तर सोडून न देता पुढे सरका. स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला आहे, त्यामुळे मूळ इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं.

शेवट आधी कळलेला चालत नसेल तर इथेच थांबा.

शेवटी सगळे सुखी होतात, आणि मला ते पटत नाही. न्यायाधीशाच्या मरणानंतर घरातून पळून जाताना आगगाडीत क्लिफर्ड बेभान होऊन एका अनोळखी माणसाला सांगतो की आपण ज्याला स्थावर मालमत्ता म्हणतो, जगातली बहुतेक पापं तिच्याच पायावर उभी आहेत. हे बोलणारा क्लिफर्ड, हेप्झिबा, पिन्चनांची तरुण नातलग फीबी आणि तिच्याशी लग्न ठरवलेला, मॉलचाच वंशज निघालेला होलग्रेव्ह, हे सगळे शेवटी घोडागाडीत बसून जातात कुठे? मेलेल्या न्यायाधीशाच्या गावाबाहेरच्या बंगल्यात. वारसाहक्काने तो आता त्यांचा. सात टोकांचं घर कुणाच्या जमिनीवर उभं राहिलं हे हॉथॉर्नने पुस्तकभर विचारलं. त्या बंगल्याच्या जमिनीबद्दल तो अवाक्षर काढत नाही, आणि घोडागाडीत बसलेल्या मॉललाही ते विचारावंसं वाटत नाही.