एजंट कुठला ते नंतर ठरवू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : माझं वय ६१, पत्नीचं ५७. ठाण्यातल्या खासगी कंपनीतून निवृत्त झालो. डोंबिवली पूर्वेला २००४ साली घेतलेला टू बीएचके आहे, तेव्हा सगळा खर्च धरून ११ लाख पडले होते. आता तो विकून पुण्यात मुलीच्या जवळ भाड्यानं राहायचं ठरवलं आहे. शेजारी म्हणतात १ कोटी ५ लाख सहज येतील. स्टेशनजवळचा ओळखीचा एजंट ९० लाखांची गोष्ट करतो आणि २ टक्के मागतो. भाचा म्हणतो, ऑनलाइन टाका, काही हजारांत काम होईल, दीड-दोन लाख कशाला घालवता. कुणाकडे जावं? घर विकल्यावर पैशांची सोय झालेली आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरनं चांगला गॅरंटीड प्लॅन दिला आहे. वर्षाला १० लाख, ७ वर्षं भरायचे. दहाव्या वर्षापासून वर्षाला १० लाख, १२ वर्षं मिळणार. करमुक्त आहे आणि घराच्या विक्रीवरचा करही त्यात वाचेल असं ते म्हणाले. पहिला हप्ता एफडी मोडून भरला. आता १८ लाखांच्या एफडी उरल्या आहेत. पेन्शन महिन्याला ३ हजार, घरखर्च ३८ हजार, पुण्यात भाडं २२ हजार धरलं आहे. पॉलिसीची पहिली काही पानं सोबत जोडतो.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचा प्रश्न दीड लाखाचा आहे. पत्राच्या शेवटी जे तुम्ही ‘सोय झालेली आहे’ म्हणून सांगून टाकलंत, ते ७० लाखांचं आहे. म्हणून आधी त्याचं बोलू.

पॉलिसीचे कागद तुम्हाला कुरिअरनं मिळून तीन आठवडे झालेत, असं पाकिटावरच्या तारखेवरून दिसतं. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा आकार कापून बाकी हप्ता परत मिळतो. उत्तर प्रसिद्ध होईपर्यंत मुदत टळेल, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी ई-मेल केला आहे. इथे पुन्हा लिहितो, कारण असे कागद कपाटात ठेवून बसलेले तुम्ही एकटे नाही.

अर्ज विमा कंपनीकडे द्या, बँकेकडे नाही. कंपनीच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज, पॉलिसी आणि कॅन्सल चेक द्या, आणि तारीख-शिक्क्याची पोच घ्या. त्याच दिवशी कंपनीच्या ई-मेलवरही पाठवा. मॅनेजरला फोन करू नका. तो ‘सर, मी उद्या घरी येतो, बसून बोलू’ म्हणेल, मग वरिष्ठांना घेऊन येईल, आणि त्या चहापाण्यात तुमचा आठवडा संपेल. कंपनीनं दाद दिली नाही तर विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा, त्यानंतर विमा लोकपाल आहेत.

आता का परत करायची ते सांगतो. तुम्हाला सांगितलं गेलं : ७० लाख भरा, १ कोटी २० लाख घ्या. ऐकायला पन्नास लाखांचा फायदा. पण पैसे आज जाताहेत आणि परत येताहेत तुमच्या सत्तराव्या वर्षापासून एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत. ते सगळे हप्ते आणि परतावे तारखेप्रमाणे मांडले तर वर्षाला पाच टक्केसुद्धा पडत नाहीत. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, दर तीन महिन्यांनी व्याज हातात ठेवते, आणि ती सरकारची आहे. तुम्ही साठी ओलांडली आहे, त्यामुळे ३० लाखांपर्यंत आजही भरू शकता. हे त्या मॅनेजरला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

‘करमुक्त’ हेही खोटं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मिळणारा परतावा करमुक्त राहत नाही. मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम तेवढी सुटते. तुमचा हप्ता १० लाख आहे, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. आणि घराच्या विक्रीवरचा कर विमा पॉलिसीत वाचतो, असं कायद्यात कुठेही नाही. तो दुसरं घर घेतल्यानं वाचतो किंवा ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे घेतल्यानं वाचतो. मॅनेजरवर विसंबून राहिला असतात तर विक्रीनंतर रोखे घ्यायची सहा महिन्यांची मुदतही हातची गेली असती.

तुम्ही पाठवलेल्या पानांमध्ये प्रपोजल फॉर्मची प्रत आहे, ती चष्मा लावून एकदा वाचा. व्यवसायाच्या रकान्यात ‘स्वयंरोजगार’ लिहिलं आहे आणि वार्षिक उत्पन्न २५ लाख. तुम्ही निवृत्त आहात आणि पेन्शन महिन्याला ३ हजार आहे. खरं उत्पन्न लिहिलं असतं तर वर्षाला १० लाखांचा हप्ता कंपनीनं मंजूर करताना प्रश्न विचारले असते, म्हणून ते लिहिलं नाही. खाली सही तुमची आहे. पडताळणीच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ असं सांगितलं होतं का? बहुधा होतं. मला याचा मनापासून राग येतो. आयुष्यभर पै-पै जोडलेला माणूस बँकेत विश्वासानं बसतो आणि बँकेचा माणूस त्याच्या फॉर्मवर खोटं उत्पन्न भरतो. हे पान जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

पॉलिसी चालू ठेवली तर काय होईल? घर ९० लाखांना गेलं असं धरू. कर साधारण १० लाख, उरले ८०. त्यात तुमच्या १८ लाखांच्या एफडी, म्हणजे ९८. दरवर्षी १० लाख हप्ता आणि सात लाख तुमचा खर्च-भाडं, तेही महागाईनं वाढत जाणारं. उरलेल्या पैशांवर ७ टक्के व्याज धरलं तरी तुमच्या अडुसष्टाव्या-एकोणसत्तराव्या वर्षी हाताशी काही राहत नाही. पॉलिसीचा पहिला पैसा येतो सत्तराव्या वर्षी. मधल्या काळात मुलीकडे हात पसरायचा? आणि सत्तरीत जे वर्षाला १० लाख येतील, ते महिन्याला ८३ हजार. आजचे ६० हजार सहा टक्के महागाईनं तोवर एक लाखाच्या वर गेलेले असतील. म्हणजे गॅरंटी आहे ती कमी पडण्याची.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या मूळ प्रश्नाला भिडते. पुढचा १० लाखांचा हप्ता अकरा महिन्यांनी आहे. तो भरायला घर त्याआधी विकलंच पाहिजे. ज्याला तारीख पाळायची आहे, त्याच्याकडून गिऱ्हाईक भाव पाडून घेतं. डोंबिवलीसारख्या ठिकाणी एका इमारतीत दोन-तीन फ्लॅट विकायला असतात, गिऱ्हाईक सगळे बघतं, आणि घाई कुणाला आहे हे त्याला पहिल्या भेटीत कळतं. घाईपोटी तीन लाख खाली आलात की एजंटचे वाचवलेले दीड लाख दुप्पट होऊन गेले. पॉलिसी परत केली की ही तारीखच उरत नाही.

आता एजंटचं. ९० लाखांवर २ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, आणि त्याची जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के. पण रीसेलमध्ये २ टक्के हा दगडावरचा आकडा नाही, १ टक्क्यावर येणारे एजंट आहेत. तेव्हा तुलना ९० हजार आणि काही हजार यांच्यात आहे.

पोर्टलवर जाहिरात टाकली की फोन खूप येतात, आणि त्यात निम्म्याहून जास्त एजंटच असतील याची तयारी ठेवा. खरं गिऱ्हाईक वेगळं काढणं, रविवारी चार कुटुंबांना घर दाखवणं, भाव बोलणं, टोकननंतर खरेदीदाराच्या कर्जाचा पाठपुरावा करणं, रजिस्ट्रेशनच्या दिवशी सब-रजिस्ट्रारकडे सगळ्यांना वेळेवर आणणं, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. तुम्ही निवृत्त आहात आणि अजून त्याच घरात राहता, त्यामुळे आज हे जमेल. पुण्याला गेल्यावर नाही जमणार. म्हणून विक्री होईपर्यंत हलू नका. पुण्याचं भाडं तोवर वाचेल तो वेगळा फायदा.

माझं मत : दोन्ही करा. दोन-तीन पोर्टलवर मालक म्हणून स्वतः जाहिरात टाका, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ती फुकट टाकता येते. महागडं पॅकेज आत्ताच घेऊ नका. बरोबरीनं भागातल्या दोन एजंटांना १ टक्क्यावर काम द्या. ‘फक्त मलाच द्या’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. पोर्टलवरून आलेल्या गिऱ्हाइकावर दलाली नाही, हे आधीच लेखी घ्या. दलाली टोकनच्या दिवशी द्यायची नाही, अॅग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर द्यायची, चेकनं आणि पावतीसह. ती रक्कम विक्रीचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होते, रोख दिलीत तर पुरावा उरत नाही. खरेदीदार काही रक्कम ‘वरच्या वर’ देऊ म्हणाला तर तिथेच थांबा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

१ कोटी ५ लाख विसरा. शेजारी जे सांगतात तो मागितलेला भाव असतो. मिळालेला भाव नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये पाहता येतो. तुमच्या इमारतीतले आणि शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या वर्षाचे व्यवहार काढा, इंडेक्स टू वर (नोंदलेल्या कराराचा सरकारी उतारा) किंमत असते. एका संध्याकाळचं काम आहे. भाव ८८ ते ९० निघाला तर ९३ मागा आणि ९० ला द्या. १ कोटी ५ ला धरून बसलात तर जाहिरात शिळी होते आणि सहा महिन्यांनी ८५ ची बोलणी सुरू होतात.

एजंट असो की पोर्टल, कागद दोघेही तयार करून देत नाहीत. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यापासून इथे खरेदीदार आणि त्यांच्या बँका कागद फार बारकाईनं बघतात. मूळ करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, इमारतीचा भोगवटा दाखला, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि मालमत्ता कराची पावती आत्ताच एका फाइलमध्ये लावा. भोगवटा दाखला नसेल तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जा, भाव त्याच्यावर ठरणार आहे. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालं आहे का, तेही विचारा.

कराचं थोडक्यात. ११ लाखांचं घर ९० ला गेलं तर नफा ७९ लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि सेस मिळून १० लाखांच्या थोडं वर. तुमचं घर जुलै २०२४ च्या आधीचं असल्यानं महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांची जुनी रीतही खुली आहे, पण ती मांडली तर कर कमी होत नाही, थोडा जास्तच येतो. विक्रीपासून सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे कॅपिटल गेन रोखे घेतलेत (जुन्या, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५४ईसी) तर साडेसहा लाख कर वाचतो. व्याज ५.२५ टक्के, तेही करपात्र, आणि पाच वर्षं पैसे अडकतात. बाहेरच्या तुलनेत पाच वर्षांत तीन लाखांच्या आत व्याज कमी मिळेल. म्हणजे हिशेब रोख्यांच्या बाजूनं आहे. खरेदीदार १ टक्का, म्हणजे ९० हजार, टीडीएस कापेल. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते पाहा.

मग महिन्याचं काय? रोख्यांचे ५० लाख वर्षाला २ लाख ६० हजार देतील, ज्येष्ठ नागरिक योजनेतले ३० लाख २ लाख ४६ हजार. एफडीत परत आलेला हप्ता धरून ३० लाखांच्या वर रक्कम राहते, तिचे दोन लाख. पेन्शन मिळून महिन्याला ६० हजारांच्या आसपास, आणि मुद्दल जागेवर. महागाईसाठी त्यातले दहाएक लाख इक्विटीत हवेत, पण ते घर विकल्यानंतर बोलू. वहिनींना साठ पूर्ण झाली की त्यांच्या नावानंही ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं उघडता येईल.

विमा कंपनीची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. दोन आठवड्यांत पैसे आले नाहीत तर तक्रारीचा मसुदा मी करून देतो.