लग्नपत्रिकेतला डोम

खानापूरकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरच्या लग्नपत्रिकेत ‘स्थळ : मैदानावरील डोम’ असं छापून आलं आणि आजी बिथरल्या. ‘शुभकार्याच्या कागदावर डोंब कशाला?’ हे दोन शब्द एकच का?

नव्हेत. आजींच्या डोक्यात हरिश्चंद्राला राबवून घेणारा डोंब आहे, काशीच्या स्मशानात अग्नी देणारा. तो संस्कृतातून आलेला जुना शब्द. पत्रिकेतला डोम इंग्रजीमार्गे आलाय आणि त्याचं मूळ लॅटिन ‘डोमुस’, म्हणजे चक्क घर. देवाचं घर ते मोठं चर्च, या अर्थानं इटालियनात ‘दुओमो’ झालं. फ्लोरेन्सच्या दुओमोवर १४३६ साली पुरा झालेला विटांचा अजस्र घुमट आजही उभा आहे. पुढे फ्रेंच-इंग्रजीत घराचं नाव छपराला चिकटलं. जर्मन मात्र अजून चर्चलाच ‘डोम’ म्हणतात. कोलोनच्या डोमला दोन टोकदार मनोरे आहेत, घुमट नाहीच! त्यामुळे आपल्या मांडववाल्यांनी लोखंडी सांगाड्यावर ताडपत्री ताणून उभ्या केलेल्या लांबट शेडला डोम म्हटलं, तर फार हसू नये.

घुमट वेगळ्या वाटेनं आला, फारसी ‘गुंबद’वरून. विजापूरचा १६५६ सालचा, बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट मराठीत ‘गोल घुमट’, कन्नडात ‘गोळ गुम्मट’. आमच्या बेळगावात एकाच दुकानात दोन्ही ऐकू येतात. ‘ग’चा ‘घ’ आपण केला तो बहुधा ‘घुमणे’ मनात असल्यामुळे, असं मला वाटतं. सज्जात उभं राहून हाक मारली की ती परत परत येते, मग दुसरं काय सुचणार? चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर मात्र घुमट म्हणजे तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं वाद्य.

आता आजींसाठी. ‘डोमुस’चा सख्खा भाऊ वेदात आहे : ‘दम’, म्हणजे घर. त्याचा धनी तो ‘दंपती’. पुढे हाच शब्द नवराबायकोच्या जोडीला लागला. म्हणजे डोम आणि दांपत्य एकाच कुळातले.

तरी मला विचाराल तर ‘मांडव’च छापायला हवं होतं की!